कोकणातल्या बंदरांचे संदर्भ झोटेरोत लावताना

मी दापोलीजवळ राहते, कॉलेजात इतिहास शिकवते आणि पीएचडीचा विषय आहे कोकणातली जुनी बंदरं, त्यातही मुख्य दाभोळ. आज दाभोळ म्हटलं की लोकांना पलीकडे धोपाव्याला जाणारी फेरीबोट आठवते, पण बहमनी आणि आदिलशाही काळात हे पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. रशियाचा व्यापारी अफानासी निकितिन पंधराव्या शतकात इथूनच जहाजात बसून परतीला लागला, १५०८ च्या डिसेंबरात आल्मेइदाच्या पोर्तुगीज आरमाराने गाव जाळलं, आणि तरी पुढे कितीतरी वर्षं इथला व्यापार चालू राहिला. अशा गावाचा इतिहास एका भाषेत आणि एका कपाटात मिळत नाही. थोडा पोर्तुगीजांच्या लिखाणात, थोडा फारसीत, थोडा इंग्रजांच्या वखारीच्या पत्रांत, थोडा पेशवे दप्तरात, थोडा गॅझेटियरमध्ये म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात, थोडा भारत इतिहास संशोधक मंडळाच्या जुन्या अंकांत, आणि थोडा शोधगंगेवरच्या, म्हणजे भारतातले पीएचडीचे प्रबंध ठेवणाऱ्या साइटवरच्या, कुणाच्या तरी प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात.

हे सगळं मी झोटेरो नावाच्या, संदर्भ साठवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कसं लावलं आणि त्यातून हवं ते आता कसं शोधते ते जरा सविस्तर लिहिते. इंग्रजीत यावर भरपूर आहे पण ते बहुतेक जर्नलमधले पेपर वाचणाऱ्यांसाठी आहे, ज्यांच्या प्रत्येक संदर्भाला डीओआय म्हणजे त्या लेखाचा ठरलेला ऑनलाइन क्रमांक असतो, एक बटण दाबलं की लेखक, साल, अंक सगळं आपोआप भरतं. आमच्याकडे शके आहेत, मोडी आहे, प्रकाशकाचं नाव असलेलं पानच फाटलेलं पुस्तक आहे. त्याचं काय करायचं हे कुणी सांगत नाही.

आधी संदर्भ कुठे होते ते सांगते म्हणजे कळेल. काही वहीत, काही लॅपटॉपवर फोल्डरमध्ये, काही फोनच्या गॅलरीत पानांचे फोटो म्हणून, आणि काही मीच मला व्हॉट्सॲपवर पाठवलेले. सुरुवातीला चालतं हे, विषय छोटा असतो तोवर सगळं डोक्यात असतं. पण गाइड मॅडमनी पहिल्या प्रकरणाचा मसुदा वाचून फोन केला आणि एकेका वाक्यावर विचारायला लागल्या, "हे कुठून घेतलंस? पान सांग. मूळ बघितलंस की दुसऱ्याच्या पुस्तकातून?" तेव्हा प्रत्येक उत्तराला चार जागा उघडाव्या लागत होत्या. मॅडमच म्हणाल्या की तू झोटेरो घे, फुकट आहे आणि तुझ्या मशीनवर राहतं.

मशीनवर राहतं हा मुद्दा आमच्याकडे फार महत्त्वाचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे लाइट आणि नेटवर्क कितीतरी दिवस नव्हतं, आणि तेवढं मोठं वादळ नसलं तरी पावसाळ्यात नेट जाणं हे नेहमीचंच आहे. नेटवरच चालणारं काही घेतलं असतं तर जून ते सप्टेंबर काम अडखळतच झालं असतं. झोटेरोचा सगळा डेटा आपल्या लॅपटॉपवरच्या एका फोल्डरमध्ये असतो, नेट आलं की तो सिंक होतो, नसेल तरी शोधणं, वाचणं, नोंदी करणं सगळं चालतं. आणि एक गोष्ट मला मनापासून आवडली, ती म्हणजे हे सॉफ्टवेअर २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास विभागाशी जोडलेल्या केंद्रातून आलं, म्हणजे इतिहासवाल्यांनी आपल्या गरजेतून बनवलेलं आहे. पत्र, हस्तलिखित, नकाशा असे प्रकार त्यात पहिल्यापासून आहेत. मेंडेली आणि एंडनोट ही अशाच कामाची दुसरी सॉफ्टवेअर मी थोडी बघितली, पहिलं एल्सव्हिअर या प्रकाशन कंपनीकडे आहे, दुसऱ्याला पैसे पडतात, पुढे गेले नाही.

आता भरणं. नवीन मराठी पुस्तकाच्या पाठीवर आयएसबीएन म्हणजे त्या पुस्तकाचा क्रमांक असतो, तो टाकला की नोंद येते, पण येते ती बरेचदा परदेशी ग्रंथालयांच्या कॅटलॉगमधून, म्हणजे लेखकाचं नाव आणि शीर्षक रोमन लिपीत, वर टिंबं आणि रेघा असलेलं. अशी नोंद तशीच ठेवली तर नंतर देवनागरीत 'राजवाडे' शोधल्यावर ती येणारच नाही. मी काय करते, शीर्षक आणि लेखक देवनागरीत पुन्हा टाइप करते आणि ते आलेलं रोमन शीर्षक एक्स्ट्रा नावाचा रकाना असतो त्यात सरकवते. एक्स्ट्रामधलं पण शोधात येतं, त्यामुळे दोन्हीकडून सापडतं. जुन्या पुस्तकांना तर आयएसबीएनच नाही, ती हातानेच भरायची. इंटरनेट अर्काइव्ह या साइटवर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचे जे स्कॅन आहेत त्यांची रोमन शीर्षकं फार विचित्र असतात आणि साल चुकीचं पण असू शकतं, म्हणून तिथून आपोआप आलेल्या नोंदीवर मी विश्वास ठेवत नाही, पीडीएफ उघडून मुखपृष्ठ आणि आतलं पान बघूनच भरते.

सालाचं मोठं प्रकरण आहे. पुस्तकावर शके १८३५ छापलेलं असेल आणि तारखेच्या रकान्यात नुसतं १८३५ टाकलं तर सॉफ्टवेअरला ते इसवी सन वाटणार, आणि वर्षानुसार लावलं की ते पुस्तक गॅझेटियरच्या आधी जाऊन बसणार. म्हणून तारखेत इसवी सन, शके एक्स्ट्रामध्ये. शकात ७८ मिळवायचे, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतलं प्रकाशन असेल तर ७९, महिना माहीत नसेल तर मी दोन्ही सालं एक्स्ट्रात लिहून ठेवते. आणि तारीख भरताना आकडे इंग्रजीच वापरायचे, तरच वर्षाची रांग नीट लागते, बाकी सगळं देवनागरीत असलं तरी हे एक पाळायचं. पुनर्मुद्रण असेल तर एक्स्ट्रामध्ये ओरिजिनल डेट असं लिहून मूळ साल देता येतं, ते संदर्भ देण्याच्या काही शैलींमध्ये टीपेत पण उमटतं.

पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी संपादित केलेले ४५ खंड आहेत, १९३० ते १९३४ मध्ये निघालेले. प्रत्येक खंडाची वेगळी नोंद करायची असं ठरवलं कारण टीपेत खंड आणि लेखांक दोन्ही लागतात. एक नोंद काळजीपूर्वक भरली, मग डुप्लिकेट करून नुसता खंड, साल आणि विषय बदलत गेले. पण यात पुढे एक गंमत होते, झोटेरोमध्ये डुप्लिकेट आयटम्स नावाचा भाग असतो जिथे सारख्या नोंदी गोळा होतात, तिथे हे खंड एकमेकांचे जुळे म्हणून येऊ शकतात, शीर्षक तेच, संपादक तेच, साल जवळचं. तिथे पटापट मर्ज करत सुटायचं नाही, एकेक उघडून बघायचं. गॅझेटियरचं पण तेच. रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८० चा, नंतर त्याचं पुनर्मुद्रण झालं, शिवाय सरकारच्या साइटवर त्याचा टाइप केलेला मजकूर आहे ज्याला छापील पानच नाही. या तिन्ही नोंदी मी वेगळ्या ठेवल्यात आणि रिलेटेड म्हणून एकमेकांना जोडल्यात. टीप द्यायची ती छापीलची, शोधायला सोपा तो टाइप केलेला.

शोधगंगेवरचे प्रबंध प्रकरणवार वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतात. त्याची नोंद एकच, खाली सगळ्या फाइली लटकवायच्या, आणि प्रत्येक फाइलला 'प्रकरण ३ व्यापारी मार्ग' असं नाव द्यायचं.

आता लावायचं कसं, हा खरा प्रश्न. माझ्या डोक्यात आधी होतं की प्रत्येक बंदराचं एक कलेक्शन, म्हणजे झोटेरोतला फोल्डरसारखा कप्पा, करावं, दाभोळ, चौल, राजापूर, वेंगुर्ले, मालवण. पण आपला माल तसा नसतो. वखारीच्या एकाच पत्रात राजापूर येतं, दाभोळ येतं, सुरत येतं आणि मक्केला जाणारं जहाज पण येतं. झोटेरोत एकच नोंद अनेक कलेक्शनमध्ये ठेवता येते, कॉपी होत नाही, एकीकडे दुरुस्ती केली की सगळीकडे दिसते, हे खरंय. तरी मी कलेक्शन बंदरांची न करता प्रबंधाच्या प्रश्नांची केली, म्हणजे जकात कोण घ्यायचं, जहाजं कुठे बांधली जायची, घोड्यांचा व्यापार, पोर्तुगीज परवाने, बंदर का मागे पडलं. आणि बंदरांची नावं टॅगमध्ये, म्हणजे नोंदीला चिकटवायच्या शब्दांत, टाकली. याचं कारण असं की लिहायला बसल्यावर मला प्रश्न समोर लागतो, गाव नाही. गावाच्या नावाने शोधायचं तेव्हा टॅग आहेच. एखादी नोंद कुठल्या कुठल्या कलेक्शनमध्ये आहे ते बघायचं असेल तर ती निवडून कंट्रोल बटण दाबून धरायचं, ती सगळी कलेक्शनं उजळतात, हे मला फार उपयोगी पडतं. आणि कलेक्शनमधून काढणं वेगळं, ट्रॅशमध्ये टाकणं वेगळं, हे माझ्या विद्यार्थिनींना मी सगळ्यात आधी शिकवते.

टॅगचं जरा लांबून सांगते कारण माझ्या मते सगळी मजा तिथेच आहे. जर्नलमधून लेख आणला की त्याचे कीवर्ड आपोआप टॅग म्हणून येतात, इंडिया, ट्रेड, हिस्टरी असे, ज्यांचा काहीही उपयोग नाही कारण माझ्या लायब्ररीत सगळंच इंडिया आणि सगळंच हिस्टरी आहे. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद केलं आणि आधीचे आपोआप आलेले टॅग एकदम काढून टाकले, तशी सोय आहे. मग स्वतःचे टॅग केले, पुढे शब्द जोडून. 'बंदर-दाभोळ', 'बंदर-चौल'. 'जहाज-गलबत', 'जहाज-गुराब', 'जहाज-शिबाड'. 'साधन-मूळ', 'साधन-भाषांतर', 'साधन-दुय्यम'. 'काम-वाचायचं', 'काम-मूळ तपासायचं'. पुढचा शब्द सारखा असल्यामुळे यादीत ते एकत्र येतात आणि टॅग लावताना नुसतं 'बंदर' लिहिलं की सगळे पर्याय खाली दिसतात, त्यामुळे एकाच गावाचे तीन वेगळे टॅग होत नाहीत. झालेच तर एकाचं नाव बदलून दुसऱ्यासारखं केलं की दोन्ही एकत्र होतात. नऊ टॅगना रंग देता येतात आणि १ ते ९ आकडे दाबून ते लावता येतात, मी १ वर 'काम-मूळ तपासायचं' ठेवलंय, लाल रंगात. मॅडम जे विचारायच्या, मूळ बघितलंस का, त्याचं उत्तर आता यादीकडे नुसतं बघून देता येतं.

बंदरांचे टॅग का लागतात तर एका गावाची नावं किती आहेत बघा. दाभोळ इंग्रजी आणि पोर्तुगीज लिखाणात डी ए बी यू एल असं येतं, कुठे शेवटी दोन एल, कुठे आजचं स्पेलिंग. चौल तर विचारूच नका, प्राचीन ग्रीक भूगोलकार टॉलेमीकडे सिमुल्ला, अरबांकडे सैमूर, पोर्तुगीजांकडे चौल, इंग्रजांकडे च्यूल. १७५६ ला इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला, त्यावरचं जुनं इंग्रजी लिखाण उघडलं तर विजयदुर्ग हे नाव दिसतच नाही, घेरिया दिसतं. सुवर्णदुर्गाचं सेव्हर्नड्रूग. आमच्या शेजारच्या बाणकोटचा फोर्ट व्हिक्टोरिया, आणि १७६५ ला सिंधुदुर्ग घेतला तेव्हा इंग्रजांनी त्याला फोर्ट ऑगस्टस म्हटलं. सॉफ्टवेअरला यातलं काही माहीत नाही. त्याला अक्षरं माहीत आहेत. म्हणून लेखात नाव कसंही असो, टॅग आजच्या मराठी नावाचा लावायचा, प्रत्येक नोंदीला, कंटाळा न करता.

पण टॅग नोंदीला लागतो, चारशे पानांच्या आत दडलेल्या एका ओळीला लागत नाही. त्यासाठी मजकुरात शोधावं लागतं. वरच्या शोधाच्या खिडकीत तीन पर्याय असतात, एकात फक्त शीर्षक, लेखक, साल, दुसऱ्यात सगळे रकाने, टॅग आणि नोट, आणि तिसरा एव्हरीथिंग, ज्यात पीडीएफच्या आतला मजकूर पण बघितला जातो. मी एव्हरीथिंग लावून डी ए बी यू एल शोधलं आणि १८८० च्या गॅझेटियरचं नावच आलं नाही. असं होणं शक्यच नव्हतं, त्यात दाभोळवर चांगला मोठा मजकूर आहे, मी तो छापील वाचलेला होता. आजचं स्पेलिंग घालून बघितलं तरी दाभोळच्या त्या मजकुरापर्यंत शोध पोचेना. मग कळलं की झोटेरो पीडीएफमधला मजकूर वाचून सूची बनवतं पण त्याला मर्यादा असते, एका फाइलची पहिली १०० पानं आणि ५ लाख अक्षरं. गावांची माहिती गॅझेटियरच्या रत्नागिरी भागात शेवटच्या प्रकरणात आहे, तिथवर ते पोचतच नव्हतं. फाइल निवडली की बाजूला इंडेक्स्ड समोर पार्शल असं लिहिलेलं दिसतं, तीच खूण. सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही आकडे मोठे केले, मग त्या फाइलवर राइट क्लिक करून रीइंडेक्स केलं, आणि सगळं यायला लागलं. जाडजूड ग्रंथ, गॅझेटियर, दप्तराचे खंड वापरणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्या दिवशी करावं असं मला वाटतं, कारण शोधात काही आलं नाही की माणूस समजतो की पुस्तकातच नाही, आणि तसं समजून प्रबंधात 'उल्लेख आढळत नाही' असं लिहून मोकळा होतो.

मराठी पीडीएफची अडचण आणखी वेगळी. नुसता स्कॅन असेल तर आत मजकूर नसतोच, फोटो असतो, त्याला आधी ओसीआर करावं लागतं, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करावा लागतो. टेसरॅक्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर मराठी वाचतं, किंवा गूगल ड्राइव्हमध्ये टाकून डॉक्सने उघडलं तरी मजकूर निघतो, जुन्या खिळ्यांच्या छपाईत चुका होतात पण शोधण्यापुरता पुरतो. दुसरा प्रकार म्हणजे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या पीडीएफ, दिसायला सुरेख मराठी, आणि कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं तर इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग. त्यात शोध कधीच लागणार नाही. अशा फाइलची पानं चित्र म्हणून काढून परत ओसीआर करते, आणि तेवढा वेळ नसेल तर नोटमध्ये दोन ओळींचा सारांश आणि सगळी विशेषनामं लिहून ठेवते.

आणि मजकूर युनिकोडमध्ये असला तरी मराठीत शोधायची एक पद्धत लागते. 'राजापूर' शोधलं तर 'राजापुरात', 'राजापुरास', 'राजापुरची वखार' यातलं काही येत नाही, कारण विभक्ती लागली की दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो. म्हणून मी 'राजाप' एवढंच टाइप करते. 'चिपळ', 'वेंगुर्ल'. कोकण आणि कोंकण दोन्ही शोधायचे. जुन्या पुस्तकांची शीर्षकं मी छापलीत तशीच ठेवते, अनुस्वारांसकट, 'कोंकणांतील' असेल तर 'कोंकणांतील', कारण ग्रंथसूचीत ते तसंच जायला हवं, पण एक्स्ट्रात आजच्या पद्धतीने पुन्हा लिहिते. आणि सगळ्यात छुपं प्रकरण म्हणजे किनाऱ्यावर या शब्दातला ऱ्या. तो दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टाइप होतो, डोळ्यांना फरक कळत नाही पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द असतात. विषयच किनारा असल्यामुळे मला तो रोज लागतो. उपाय सोपा, 'किना' शोधायचं.

हे रोज रोज टाइप करायला नको म्हणून सेव्ह्ड सर्च. ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये अटी घालायच्या, यातली कुठलीही एक जुळली तरी चालेल असं सांगायचं, मग टॅग 'बंदर-दाभोळ', अटॅचमेंटच्या मजकुरात दाभोळ, मजकुरात ती सगळी रोमन स्पेलिंगं एकेक ओळीत, आणि नाव देऊन सेव्ह करायचं. ते डावीकडे कलेक्शनसारखं दिसतं आणि नवीन काही लायब्ररीत आलं की आपोआप त्यात पण येतं. माझ्याकडे प्रत्येक बंदराचा असा एक आहे. त्याचा उपयोग असा की नवीन पीडीएफ टाकल्यावर मी टॅग लावायच्या आधीच ती 'दाभोळ सगळं' मध्ये आलेली दिसते, म्हणजे आत कुठेतरी दाभोळ आहे हे न वाचताच कळतं. जकातीसाठी पण केलाय आणि जहाजांसाठी पण. इंग्रजांच्या कागदांत ग्रॅब म्हणजे आपला गुराब आणि गॅलिव्हॅट म्हणजे गलबत, दोन्ही रूपं घातली. माझी एक विद्यार्थिनी हर्णैची, घरचा धंदा मासेमारीचा, तिने घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून मचवा, पडाव, शिबाड यांत फरक कसा करायचे ते लिहून आणलं, ते मी त्या टॅगच्या नावाने वेगळी नोट करून ठेवलंय. अशी माहिती छापील पुस्तकात सहजी मिळत नाही.

पुस्तक प्रत्यक्ष कुठे आहे हे नोंदवणं मी ग्रंथपाल काकांकडून शिकले. मी कॉल नंबरच्या रकान्यात वर्गांक लिहीत होते तर ते म्हणाले, "बाय, दाखल क्रमांक घे. वर्गांक उद्या बदलंल, दाखल क्रमांक त्या प्रतीचाच ऱ्हातो." तेव्हापासून ग्रंथालयाचं नाव आणि दाखल क्रमांक दोन्ही लिहिते. आमच्याकडे हे गरजेचंही आहे. दमट हवा, बुरशी, वाळवी, आणि वर पूर. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर हे १८६४ पासूनचं वाचनालय, २६ जुलै २००५ च्या पुरात त्यात पाणी शिरलं आणि २२ जुलै २०२१ ला पुन्हा. अशा ठिकाणी एखाद्या पुस्तकाची कुठली प्रत कुणी कधी पाहिली, त्यात कुठली पानं होती, हे लिहिलेलं असणं मला फार मोलाचं वाटतं. म्हणून नोटमध्ये पहिली ओळ नेहमी 'प्रत पाहिली' आणि तारीख, मग प्रतीची अवस्था. पुरालेखागारातल्या कागदांना अर्काइव्ह आणि लोकेशन इन अर्काइव्ह असे वेगळे रकाने आहेत, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार असेल तर तिथे रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा), खंड, पान सगळं बसतं.

एमएच्या मुलींबरोबर एक खासगी ग्रुप लायब्ररी पण केलीय, त्या नोंदी भरायला मदत करतात आणि शिकतात. "मॅडम, याला हर्णै लावू की सुवर्णदुर्ग?" असं विचारत येतात, मी सांगते दोन्ही लाव, शोधणारा कुठल्या नावाने येईल ते आपल्याला माहीत नसतं. फुकट जागा फाइलींसाठी ३०० एमबी मिळते आणि ग्रुपमधल्या फाइली ग्रुपच्या मालकाच्या जागेत मोजल्या जातात, स्कॅन केलेल्या खंडांना ती कुठली पुरायला, त्यामुळे ग्रुपमध्ये आम्ही नोंदी, टॅग आणि नोटच ठेवतो, त्यांना मर्यादा नाही. पीडीएफ माझ्याकडे. झोटेरोचा डेटा फोल्डर ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरमध्ये ठेवू नका असं बनवणारेच सांगतात, डेटाबेस बिघडू शकतो, म्हणून मी सॉफ्टवेअर बंद करून आख्खा फोल्डर दर आठवड्याला बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवते, आणि ती डिस्क माहेरी, दुसऱ्या गावात ठेवते.

वर्डमध्ये टीप टाकणं, शेवटी ग्रंथसूची तयार होणं, हे सगळं होतंच, बहुतेक लोक झोटेरो त्यासाठीच घेतात. मराठी आणि इंग्रजी ग्रंथांची यादी वेगवेगळी हवी असते आमच्या विद्यापीठात, ती मी दोन वेगळ्या कलेक्शनमधून काढून घेते. बाकी त्यावर लिहिण्यासारखं विशेष नाही.

सध्या जे चाललंय ते मोडी कागदांचं. मोडीच्या फोटोत शोध लागत नाही, म्हणून प्रत्येक कागदाचं बाळबोध लिप्यंतर नोंदीखालच्या नोटमध्ये टाइप करतोय, मूळ शुद्धलेखन आहे तसंच ठेवून, आणि खाली एका ओळीत आजच्या रूपात विशेषनामं, मालाचे शब्द आणि पदं, म्हणजे नाखवा, सुभेदार, कमाविसदार, मीठ, सुपारी, साग. नोटमधला मजकूर शोधात येतो, त्यामुळे 'जकात' म्हटलं की आता गॅझेटियर, वखारीची पत्रं आणि हे कागद एकाच यादीत येतात, साल लावून वरखाली करता येतात, आणि दाभोळ आणि राजापूर इथल्या दरांची तुलना जी मी दुसऱ्यांच्या पुस्तकांतून उचलणार होते ती मूळ कागदांवरून करता येतेय. ते चौथ्या प्रकरणात जाणार आहे. पोर्तुगीज साधनांची भाषांतरं अजून ओसीआर व्हायची आहेत, त्यातल्या स्पेलिंगची यादी वाढेल, आणि ती वाढली की सेव्ह्ड सर्चमध्ये ओळी वाढवायच्या.